सर्वांत लांबची विहीर

खान्देशात समुद्र नाही, म्हणून मी विहिरी घेतल्या.

ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं होती. मी देवपूरच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते, पण तात्पुरती. एम.फिल. पूर्ण करून जूनअखेर प्रबंध दिला तर नोकरी पक्की, नाही तर नव्या वर्षी माझ्या जागी दुसरं कोणी तरी, असं मला स्वच्छ सांगण्यात आलं होतं. मला बेटांवरच्या जीवांचाच अभ्यास करायचा होता. देवपुरातून दिसतं ते पांझरेचं पात्र, आणि त्यात आठ महिने वाळू. माझे मार्गदर्शक सर जळगावला राहायचे. ते म्हणाले, विषय बदला. मी म्हटलं, विषय बदलणार नाही, बेटं शोधते. तेव्हा माझ्या नाकावर माशी बसत नसे.

सरांच्या कपाटात एक जाडजूड पुस्तक होतं. त्यात सांगितलेली गोष्ट तशी साधी होती. बेट मोठं असेल तर त्यावर जास्त जाती राहतात, लहान असेल तर कमी. मुख्य भूमी जवळ असेल तर नवे जीव येत राहतात, लांब असेल तर क्वचितच कोणी पोचतं. शिवाय कुठल्याही बेटावर काही जाती येत असतात आणि काही संपत असतात. येणं आणि संपणं जिथं बरोबरीला येतं तिथं जातींची संख्या ठरते. पिंप्राळ्याला माहेरी पडून ते पुस्तक वाचताना माझ्या मनात आलं की हे तर आपल्याकडच्या विहिरींचंच वर्णन आहे. चहूकडे कोरडं रान आणि मध्ये पाण्याचा एक गोल तुकडा. नदी ही मुख्य भूमी. पूर आला की नदीकाठच्या विहिरींत मासे, शंख, झिंगे सगळंच घुसतं. लांबच्या विहिरींत कोण कशाला जाईल?

शिंदखेडा तालुक्यात पांझरेच्या बाजूचं एक गाव मी धरलं आणि त्याच्या शिवारातल्या एकवीस विहिरी नक्की केल्या. शनिवारी सकाळी एस.टी.ने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. गाडीच्या नाड्याने विहिरीचा घेर मोजायचा, तलाठ्याच्या नकाशावर नदीपासूनचं अंतर मोजायचं. लोहाराकडून एक लोखंडी कडं करून घेतलं होतं, त्याला जुन्या मच्छरदाणीचं कापड शिवलं होतं. ही जाळी दोराने पाण्यात सोडायची आणि वर येईल ते पांढऱ्या परातीत ओतून मोजायचं. लोकांना आधी वाटलं की मी सरकारकडून पाणी तपासायला आले आहे. मग वाटलं की माझं डोकं फिरलं आहे. त्यानंतर मला चहा मिळायला लागला.

प्रत्येक विहिरीसाठी मी एक प्रश्नावली सायक्लोस्टाइल करून घेतली होती. सातबाऱ्यावर ज्याचं नाव असेल त्याला बसवून ती भरून घ्यायची. विहीर कधी खोदली, उन्हाळ्यात आटते का, आणि सातवा प्रश्न, या विहिरीत कोणी मासे सोडले आहेत काय. माणसाने सोडलेला मासा मोजला तर अभ्यासाचा बट्ट्याबोळ, हे मला ठाऊक होतं. मलेरियावाले विहिरीविहिरीतून गप्पी मासे सोडून जायचे, ते मी मोजणीतून आधीच वगळले होते. माझ्या काळजीपूर्वक कामाचा मला फार अभिमान होता. एकवीसच्या एकवीस मालकांनी सातव्या प्रश्नाला नाही असं उत्तर दिलं.

दिवाळीनंतर मोजणी पुरी झाली आणि मी आलेखाच्या कागदावर एकेक ठिपका मांडत गेले. नदीपासूनचं अंतर वाढेल तशा जाती कमी. पहिले वीस ठिपके शहाण्या मुलांसारखे रेषेत बसले. माझा आनंद गगनात मावेना. मग मी एकविसावा ठिपका मांडला.

ती विहीर सर्वांत लांबची होती आणि घेराने सर्वांत लहान. हिशेबाने तिच्यात तीन जाती असायला हव्या होत्या. निघाल्या आठ. त्यातले पाच मासे, आणि तेही पांझरेचे नव्हेत, तापीचे. तापी तिथून कोसभर नाही, चांगली लांब, आणि मध्ये नुसती टेकाडं आणि कापसाची शेतं. मी पुन्हा जाऊन मोजलं. पुन्हा आठ.

त्या शेताचे मालक आबा म्हणून ओळखले जायचे. पागोटं काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि प्रत्येक प्रश्नावर बराच वेळ विचार करायचे. मी सातवा प्रश्न त्यांना दुसऱ्यांदा विचारला, जरा दरडावूनच. ते शांतपणे म्हणाले, "हीरमा कोन काय टाकी, मॅडम? कोनीच काही टाकं नही."

मग मी बगळ्यांना कामाला लावलं. बगळ्याच्या पायाला चिखल लागतो, चिखलात माशांची अंडी चिकटतात, बगळा तापीवरून उडतो आणि नेमका याच विहिरीवर उतरतो, असं मी तीन पानं भरून लिहिलं. वाचायला फार विद्वत्तापूर्ण वाटत होतं. सरांनी ती पानं वाचली, चष्मा पुसला आणि विचारलं की बाकीच्या वीस विहिरींशी बगळ्यांचं भांडण आहे का. ते मुळात प्रेमळ गृहस्थ. म्हणाले, ही एक विहीर सोडून द्या, वीसही पुष्कळ झाल्या. मला ते पटलं नाही. सोडायची तर कारण लिहून सोडायची, आणि ते कारण मला सापडत नव्हतं. शेवटी असं ठरलं की उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस पडायच्या आत, सगळ्या विहिरी एकदा पुन्हा मोजायच्या आणि मग काय ते बघायचं.

चैत्रात मी पुन्हा त्या शेतावर गेले तेव्हा आबा बाजाराला गेले होते. विहिरीवर त्यांची मोठी भावजय पाणी शेंदत होती. तिला सगळे अक्का म्हणत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, शेतातल्याच खोलीत एकटी राहायची. मी तिला दहा-बारा वेळा तरी पाहिलं असेल. तिने मला पाणी दिलं होतं, माझी परात धरली होती, एकदा दोर अडकला तेव्हा तो सोडवूनही दिला होता. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, त्यामुळे माझ्या प्रश्नावलीत ती कुठेच बसत नव्हती.

मी जाळी वर ओढली. परातीत एक मिशांचा मासा पडला, ज्याला आपण शिंगाडा म्हणतो. अक्काने वाकून पाहिलं आणि म्हणाली, ही मोठ्या भावाची. मला वाटलं, मासा भावाला आवडतो असं काहीतरी ती सांगते आहे. मग दुसऱ्या खेपेला अंगावर तांबूस पट्टा असलेला बोटभर मासा आला. ती म्हणाली, ही वहिनीची.

मी परात खाली ठेवली आणि तिला विचारलं की हे मासे कुठून आले. तिने सांगितलं, मीच आणले. मी म्हटलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? ती अजिबात रागावली नाही. दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "तू माले कोठे इचारं?"

ते खरंच होतं. मी स्वतः बाई असून एकवीस विहिरींवर एकवीस पुरुषांना विचारत फिरले होते. विहिरीचं पाणी रोज कोण भरतं, विहिरीत रोज कोण वाकून बघतं, हे मला कळायला हवं होतं. तिथल्या तिथे मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी परातीतलं पाणी बदलण्याचं निमित्त करून उठले.

मग तिने सगळं सांगितलं. ती लग्न होऊन आली तेव्हा विहीर नुकतीच खोदलेली होती. माहेर तापीच्या अगदी काठावर, तिथं पाण्यात हात घातला की मासोळ्या बोटांना चावायच्या. आणि इथं पाणी नुसतं खोल, हलत नव्हतं. तिला शेंदायची भीती वाटे. तिची आई म्हणायची, "हीरमा जीव नही, तं पानी आंधयं." आंधळं पाणी नको म्हणून पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ती माहेरी गेली तेव्हा मोठ्या भावाने भोयाकडून चार पिल्लं मागून घेतली, कळशीत टाकली आणि कळशीच्या तोंडाला ओलं फडकं बांधून दिलं. बैलगाडीत ती कळशी मांडीवर घेऊन सासरी आली. घरच्यांना वाटलं, तापीचं पाणी आणलं. पुढे दरवर्षी तेच. कधी मोठ्या भावाने दिले, कधी वहिनीने, एकदा धाकट्या भावाने शिंपलेसुद्धा. ज्याने दिले त्याच्या नावाने ती त्यांना ओळखायची. नऊ प्रकार आणले होते, त्यातले आता पाच मासे आणि एक शिंपला उरला होता. हे सगळं तिच्या तोंडपाठ होतं. माझी मोजणी सहा महिन्यांची होती, तिची तीस-पस्तीस वर्षांची.

मी विचारलं, नवे आणायचं कधी थांबलं? ती म्हणाली, दोन्ही भाऊ गेल्यावर. भाचे वहिनीला घेऊन कामधंद्याला सुरतेला गेले. आखाजीला मुराळी म्हणून न्यायला येणारं कोणी उरलं नाही, आणि न्यायला कोणी आल्याशिवाय लेकीने माहेरी जाऊ नये. तिचं माहेर एस.टी.ने दोन तासांवर होतं. नऊ वर्षं ती गेली नव्हती.

मला हे अतिच वाटलं. मी म्हटलं, अक्का, गाडीत बसायचं आणि जायचं, मी नाही का दर महिन्याला पिंप्राळ्याला जात? ती हसली. मी शिकलेली आहे म्हणून मला चालतं, असं काहीतरी म्हणाली. मग विहिरीकडे बघत म्हणाली, "येनं-जानं बंद व्हयनं, का मंग येक येक करी सरतस."

सरांच्या कपाटातल्या त्या जाड पुस्तकात हेच सांगायला एक अख्खं प्रकरण खर्ची घातलेलं होतं. मी नदीपासूनचं अंतर तलाठ्याच्या नकाशावर मोजत बसले होते आणि या विहिरीचं अंतर मुराळ्यावर अवलंबून होतं. मी वहीत हे उतरवून घेतलं आणि मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं.

निघताना अक्काने मला एक गोष्ट मागितली. आखाजी तीन आठवड्यांवर आली होती. ती म्हणाली, "पोरी, तू इतली फिरस. मना माहेरथून येक कयशी लयी ये."

मी नाही म्हटलं.

उर्मटपणे नाही, समजावून सांगितलं. पावसाच्या आधी मला शेवटची मोजणी करायची आहे. आता मधेच नवे मासे टाकले तर मी काय मोजणार? माझं सगळं काम फुकट जाईल, नोकरी जाईल. पाऊस पडल्यावर बघू. अक्काने मान हलवली. तुझं काम आधी, म्हणाली, आणि माझ्या पिशवीत चार कैऱ्या घातल्या. मला वाटलं, समजूतदार आहे. परत येताना गाडीत मला जागा मिळाली होती, तरी मी काही वाचलं नाही.

त्या वर्षी उन्हाळा वाईट पडला. देवपुरात आमच्या नळाला एकाआड एक दिवस पाणी येई. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी एकवीस विहिरी चार दिवसांत उरकल्या आणि सर्वांत शेवटी त्या विहिरीवर गेले. पाणी पार तळाला गेलं होतं, गुडघाभर असेल. मी पायऱ्या उतरून थेट पाण्यात उभी राहिले आणि जाळी फिरवली. बेडूक, शंख आणि तो तांबूस पट्ट्याचा मासा. पुन्हा फिरवली. तेवढंच.

तीन. रेषा जे सांगत होती तेच.

मला आनंद झाला. हे लिहायला जड जातं, पण झाला. तिथं चिखलात उभ्या उभ्या माझ्या डोळ्यांसमोर आलेखाचा कागद आला आणि एकविसावा ठिपका आपणहून खाली सरकून रेषेवर बसला. मी वर आले तेव्हा हसत होते. अक्का मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या कडेला बसली होती. मी काही बोलायच्या आत तिने मला सांगितलं, "मोठा भाऊनी व्हती ती परवदिन गयी."

तिला तो मासा तरंगताना दिसला होता. तिने तो काढून लिंबाच्या बुडाशी पुरला होता. ती रडत वगैरे नव्हती, नुसती सांगत होती. मी माझी जाळी पिळत उभी राहिले. कळशीभर नव्या माशांनी तो मासा वाचला नसता, पाणीच नव्हतं, हे मला माहीत होतं. तसं मी तिला म्हणूनही पाहिलं. ती म्हणाली, हो माय, पाणीच नव्हतं. आखाजीला विहिरीत पुरुषभर पाणी होतं आणि तरी मी नाही म्हटलं होतं, हे दोघींनाही माहीत होतं.

सर आलेख बघून खूश झाले. म्हणाले, बघा, धीर धरला की निसर्ग बोलतो. मी प्रबंधात जूनची मोजणी घातली. दिवाळीनंतरच्या मोजणीबद्दल एक ओळ लिहिली, की प्राथमिक पाहणीत काही विसंगती आढळल्या. लपवलं असं म्हणता येणार नाही, पण सांगितलंही नाही. वहीतलं ते अक्काचं पान मी टंकलेखनाला दिलंच नाही. हिवाळ्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आलेखाच्या टोकावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही सर्वांत लांबची, म्हणून सर्वांत कमी. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

नोकरी पक्की झाली. पिंप्राळ्याला आईने पेढे वाटले. मी ते सगळ्यांच्या हातावर ठेवत होते आणि मला सारखी ती कळशी आठवत होती.

पुढच्या आखाजीच्या दोन दिवस आधी मी सकाळच्या गाडीने त्या गावी गेले. आबा ओट्यावर बसले होते. मी त्यांना सांगितलं की अक्काला माहेरी न्यायला आले आहे. त्यांनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि नेहमीसारखा बराच वेळ विचार केला. बाई मुराळी म्हणून आल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मीही ऐकलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले की न्यायला माणूस आलं आहे ना, मग झालं. आत अक्काला निरोप गेला. तिला तयार व्हायला वेळ लागेल म्हणून मी बाजेवर बसले, तर ती पाच मिनिटांत बाहेर आली. हातात कळशी होती, घासून लख्ख केलेली.

माहेरच्या घराला कुलूप होतं. अक्का त्या कुलपाकडे फार वेळ बघत बसली नाही. शेजारच्या घरातल्या बाईने तिला हाताला धरून आत नेलं आणि आम्हा दोघींना खापरावरचे मांडे आणि आमरस वाढला. बाहेर निंबाला झोका बांधलेला होता, त्यावर माहेरवाशिणी गात होत्या. अक्का थोडा वेळ झोक्यावरही बसली. मग आम्ही तापीवर गेलो. तिच्या भावांच्या ओळखीचा भोई म्हातारा झाला होता, पण त्याने तिला ओळखलं, आणि नातवाला सांगून पिल्लं धरून दिली. पैसे द्यायला मी पर्स उघडली तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी ती बंद केली.

परतीच्या गाडीत खूप गर्दी होती. कळशी माझ्या मांडीवर होती. अक्काने सांगितलं होतं की फडकं वाळू द्यायचं नाही, म्हणून मी दर थोड्या वेळाने बाटलीतलं पाणी त्यावर शिंपडत होते. कंडक्टरने विचारलं, काय आहे त्यात? अक्का म्हणाली, तापीचं पाणी.

विहिरीत त्या वर्षी बरं पाणी होतं. अक्का पायऱ्या उतरून खाली गेली, मी मागोमाग. तिने कळशी पाण्यात तिरकी धरली आणि एकदम न ओतता विहिरीचं पाणी हळूहळू आत येऊ दिलं. एकेक करून ते बाहेर पडले. सवयीने मी मोजायला लागले. दोन शिंगाडे होते, ते बघून ती म्हणाली, मोठ्या भावाची परत आली. मग एक वेगळाच मासा निघाला, लहान, शेपटीवर काळा ठिपका. तो या विहिरीत पूर्वी कधीच नव्हता, त्याची नोंद माझ्याही वहीत नव्हती. मी तिला विचारलं की ही कोणाची.

अक्काने कळशी उपडी करून शेवटचं पाणी निथळू दिलं.

"ही तुनी," ती म्हणाली.